काच पुसायची पाळी

त्या डिसेंबरात मी माझ्या गाडीची पुढची काच वाटून दिली होती. डावा कोपरा नर्सताईंकडे, मधला भाग मोठ्या बाईंकडे, माझ्या समोरचा तुकडा माझ्याकडे. मागे बसणाऱ्या चौघींना बाजूच्या काचा. कोणी कुठली काच पुसायची आणि रुमाल ओला झाला की कोणाचा घ्यायचा, हे लिहून तो कागद मी डॅशबोर्डला चिकटवला होता. कागदावर उतरल्याशिवाय कुठलंही काम सुरू झालं असं मला वाटत नाही.

"शाळेत आम्ही पोरायच्या झाडायच्या पाळ्या लावतो," मोठ्या बाई म्हणाल्या, "अन्‌ इथी भाभीनं आमच्या लावल्या. गैरहजर राह्यलं त छडी बी मारशीन काय माय?"

मोठ्या बाई गडचिरोलीकडच्या एका गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आवाज सगळ्या वर्गांना एकदम पुरणारा. बाकी चौघी शिक्षिका आणि एक नर्स. सकाळी साडेसहाला मी वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या, ऊर्जानगरच्या क्वार्टरांपासून निघायची, दोघींना तिथून आणि चौघींना चंद्रपुरातून घ्यायची, मूल गावाजवळचं जंगल ओलांडून वैनगंगेच्या पुलावर यायची आणि पुढे एकेकीला तिच्या गावी उतरवत जायची. संध्याकाळी उलट क्रमानं गोळा करायची. त्यांचं गाडीतलं माझं नाव भाभी, कारण आधीचा ड्रायव्हर माझा नवरा होता आणि त्याला त्या भाई म्हणत. मी चाक हातात घेतल्याला आठ महिने झाले तरी मी भाईंची बायकोच होते.

काच पुसावी लागे, कारण गाडीचा ब्लोअर बंद पडला होता. ब्लोअर म्हणजे हीटरची किंवा एसीची हवा आत ढकलणारा पंखा. बाहेर कडाक्याची थंडी, आत काचा बंद करून बसलेल्या सातजणींचा श्वास. दहा मिनिटांत काच आतून पांढरी होई. ब्लोअर चालू असला तर गरम हवा काचेवर जाते आणि काच सुकते. बंद असला तर रुमाल.

आमच्याकडे कोणाला विचारलं तर तो म्हणेल, चांद्यात हीटर कशाला? चंद्रपूरच्या उन्हाळ्याचीच बातमी होते. पण मूलच्या जंगलात आणि पुलावर जानेवारीतली सकाळ ज्यानं पाहिली नाही त्यानं बोलू नये.

आता मी गाडी का चालवत होते ते सांगते. साखरेमुळे माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. समोर कोणी उभं आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि दुसऱ्याच दिवशी माझे मोठे दीर एका ड्रायव्हरला सोबत घेऊन घरी आले. मी ड्रायव्हरला चहा दिला आणि सांगितलं, "भाऊ, गाडीला ड्रायव्हर आहे." लायसन्स माझ्याकडे होतंच. प्रवासी गाडीसाठी लागणारे कागद करून घेतले. दीरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. सवाऱ्यांची एक तक्रार येऊ दे. ज्या दिवशी येईल त्या दिवशी चावी माझ्याकडे." त्या घरात मोठा भाऊ बोलला की धाकटे बोलत नाहीत. मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं: तक्रार येऊ द्यायची नाही.

ती गुरुवारी आली.

पुलाच्या अलीकडे धुकं इतकं होतं की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टासुद्धा शोधावा लागत होता. माझा तुकडा मी पुसला आणि हात खाली घेईपर्यंत तो पुन्हा पांढरा झाला. तेवढ्यात नर्सताई ओरडल्या. त्यांच्या कोपऱ्यातून त्यांना धानाचे भारे दिसले होते. मागे एकही दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यात उभी होती. मी ब्रेक दाबला. मोठ्या बाईंचा डबा सीटखाली गेला, मागे कोणाचं तरी डोकं कोणावर आपटलं, आणि गाडी थांबली तेव्हा धानाच्या काड्या काचेला टेकल्या होत्या. कोणाला लागलं नाही. पुढचा सगळा रस्ता मी खिडकी उघडी ठेवून, डोकं बाहेर काढून चालवला.

संध्याकाळी उतरताना मोठ्या बाईंनी दार धरून ठेवलं.

"भाभी, उद्या-परवा आम्ही एसटीनं जातो. सोमवारी तू ये. काच साफ असन त बसू, नाईतर दुसऱ्या गाडीवाल्याले सांगू. राग नोको मानू. घरी लेकरं हायेत साऱ्यायच्या."

"राग नाही बाई. सोमवारी काच साफ असेल."

"कशी करशीन?"

"ते मी बघते."

मला वाटलं विषय तिथे संपला. पण बाईंनी काळजीपोटी माझ्या नवऱ्याला फोन केला, आणि फोन आला तेव्हा दीर आमच्या घरी बसलेले होते. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा निकाल लागलेला होता.

"रविवारी दुपारी चावी न्यायला येतो," दीर म्हणाले. "सोमवारपासून तोच ड्रायव्हर."

आम्ही घरी हिंदीत बोलतो, मी इथे मराठीत लिहिते आहे. पण मी जे विचारलं ते कुठल्याही भाषेत तसंच निघालं असतं: "भाईजान, ड्रायव्हर बदलून काच कशी साफ होईल?"

"पुरुष माणूस गॅरेजवाल्याकडून काम करून घेतो. तुला तो उल्लू बनवतो. बस, एवढाच फरक आहे."

मी चहाचं आधण ठेवलं नाही. गाडी घेतली आणि सरळ गॅरेजवर गेले, कारण शुक्रवारी ते बंद असतं.

गॅरेजवाल्यानं बटण फिरवलं, डॅशबोर्डवर दोन बुक्क्या मारल्या, फ्यूजच्या डबीत हात घातला, काहीतरी केलं आणि पंखा घरघरला. मग जळका वास आला आणि पंखा थांबला.

"भाभी, हीटरची कॉइल गेली. पूरा डॅशबोर्ड उतरवा लागते. गाडी ठेवून जा, आठ दिवस."

"कॉइल गेली हे कशावरून?"

"वास नाई आला तुमाले?"

"वास आला. तो कॉइलचा आहे हे कशावरून?"

"अरे बापा," तो हसून शेजारच्याला म्हणाला, "हे त परीक्षाच घेऊन राह्यल्या." मग माझ्याकडे वळून, "भाईले पाठवून द्या न. त्यायले समजावतो."

मी फ्यूजची डबी उघडली. फ्यूजच्या जागी त्यानं तांब्याच्या तारेचा जाड पीळ घातला होता. बिघाड झाला की फ्यूजनं जळायचं असतं, म्हणजे गाडी वाचते. तिथे तार घातली की गाडी जळते. मी तार काढून त्याच्या हातावर ठेवली आणि गाडी परत आणली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील जुन्या चांद्यात जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. पंखे, पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटारी. लहानपणी माझं काम होतं वेढे मोजायचं: ते तार गुंडाळत आणि मी दर दहा वेढ्यांना कागदावर एक रेघ मारी. एक रेघ चुकली तर मोटार फिरत नाही, आणि चूक कोणाची हे त्या कागदावर दिसतं. माझी कागदांची सवय तिथली. जळालेल्या मोटारीचा वासही मला तेव्हापासून ओळखता येतो, आणि गॅरेजमधला वास तोच होता.

शुक्रवारी सकाळी मी अंगणात गाडीचं डावं दार उघडलं, चपला बाहेर काढल्या आणि डोकं खाली, पाय सीटवर, अशी डॅशबोर्डखाली शिरले. माझ्याजवळ इंडिकेटरचा एक जुना बल्ब होता, त्याला मी दोन वायरी जोडल्या होत्या. नवऱ्याला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. आठ महिन्यांनी तो त्या जागेवर बसत होता. तो एकदा चाकावरून हात फिरवून बसला आणि म्हणाला, "सीट पुढे घेतलीस."

"माझे पाय आखूड आहेत. बटण सांगेन तसं फिरवा."

पहिल्यांदा योग्य ताकदीचा फ्यूज घातला. बटण एकवर केलं आणि फ्यूज टक्‌कन उडाला. मग ब्लोअरच्या मोटारीचा प्लग काढून दुसरा फ्यूज घातला. तो टिकला. म्हणजे वायरीत दोष नाही, दोष प्लगच्या पलीकडे. मग प्लगच्या दोन टोकांना माझा बल्ब लावला.

"एक," नवरा म्हणाला. बल्ब मिणमिणला.

"दोन." थोडा वाढला. "तीन. चार." चारवर तो लखलखला. म्हणजे बटण चांगलं आणि वेग कमी-जास्त करणारा तुकडाही चांगला. वीज मोटारीच्या दारापर्यंत येत होती आणि मोटार दार उघडत नव्हती. गॅरेजवाल्याची कॉइल, डॅशबोर्ड आणि आठ दिवस, सगळं मी डायरीत एका रेघेनं खोडलं.

"निघाली का?" नवऱ्यानं विचारलं.

"निघेल. तीन पेच आहेत."

दोन पेच सहज निघाले. तिसरा आत, भिंतीला चिकटून. दहा नंबरचा पाना एका वेळी बोटभरच फिरे. मान अवघडली, ओढणी दाराच्या कडीत अडकली ती मी काढून फेकली. शेवटी मोटार सुटली आणि तिच्यासोबत तोंडावर कोळशाची काळी भुकटी आली. चंद्रपुरात ती सगळीकडे असते, घरात, केसात, वाळत घातलेल्या कपड्यांवर. मोटारीला वर पिंजऱ्यासारखा गोल पंखा असतो. त्या पिंजऱ्याभोवती आणि दांड्याभोवती एक कापड पीळ घालून घट्ट बसलं होतं. कुजलेलं, काळं. मी चिमट्यानं ओढलं. एक कडा मोकळी झाली आणि तिच्यावर मला माझीच हातशिलाई दिसली.

ते कापड मी लावलं होतं.

आमच्याकडे सगळं कापडानं झाकतात. पाण्याचा माठ, शिलाई मशीन, कूलर, मुलांची पुस्तकं. झाकलं नाही तर संध्याकाळी बोट फिरवून नाव लिहिता येतं. आमची गाडी जुनी. तिच्यात बाहेरची हवा गाळणारी गाळणी नाही. म्हणून उन्हाळ्यात, गाडी हातात घेतल्याबरोबर, मी काचेखालच्या हवेच्या जाळीमागे जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा शिवून बसवला होता. मला त्याचा अभिमान होता. भाईंना सोळा वर्षांत सुचलं नाही ते मला पहिल्या आठवड्यात सुचलं, असा. पावसाळ्यात ते भिजलं, कुजलं. उन्हाळा-पावसाळाभर मी हवा बाहेरून घ्यायची की आतलीच फिरवायची ते ठरवणारा खटका आतल्या हवेवर ठेवायची, तोवर ते जागेवर राहिलं. पहिली थंडी पडली, काच धुरकटली, मी खटका बाहेरच्या हवेवर टाकला आणि पंख्यानं ते आत ओढलं. नोव्हेंबरात दोन दिवस फडफड ऐकू आली होती. मला वाटलं वाळलं पान असेल.

मी तशीच उठले, हात न धुता डायरी उघडली. एप्रिलच्या पानावर होतं: जाळीमागे कापड बसवणे. पुढे बरोबरची खूण. त्याखाली: पाऊस येण्याआधी काढणे. पुढे काही नाही.

"काय निघालं?" नवरा सीटवरून विचारत होता.

त्याला दिसत नव्हतं. "कचरा," मी म्हणाले, आणि कापड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं.

कापड काढल्यावर मोटार फिरेल अशी मला आशा होती. बॅटरीवरून सरळ वीज दिली. ती हुंकारली, एक वेढा फिरली, थांबली. अडकलेल्या अवस्थेत ताकद लावून लावून आत जळाली होती. नवी हवी होती, आणि फोन करून विचारलं तर आमच्या गाडीची मोटार नागपुरावरून यायला वेळ लागणार होता. वेळच माझ्याकडे नव्हता.

शनिवारी मी मेलेली मोटार पिशवीत घालून एसटीनं राजुऱ्याला गेले. आजूबाजूच्या खाणींवर राबलेल्या जीपा शेवटी तिथल्या भंगारात येऊन पडतात. भंगारवाल्यानं माझी मोटार हातात घेऊन उलटी-सुलटी केली.

"मिस्तरी कोन हाये? त्याले पाठवा न, तो पाहून घेईन."

"मिस्तरी मीच आहे."

"मजाक करता का बाई?"

"तुमच्याकडे अशा मापाच्या किती आहेत? सगळ्या आणा. आणि एक चार्ज असलेली बॅटरी."

त्यानं तीन आणल्या. पहिली फिरली पण किंचाळली, तिच्या दांड्याभोवतीचं बुश झिजलेलं. दुसरीचे आत वीज नेणारे कार्बन झिजून संपलेले, बोटानं ढकललं तरच फिरे. तिसरी गपचूप फिरली. मी ती पाच मिनिटं फिरू दिली आणि तळहात लावून बघितला, तापत नव्हती. फक्त तिचा प्लग वेगळा होता.

"बाई, तुमी त आमचा धंदा बंद करान," भंगारवाला म्हणाला, पण मोटार त्यानं पुसून कागदात गुंडाळून दिली.

परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर मोटार होती आणि डोक्यात कापड. ते कोणी पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याला मी कचरा म्हणून सांगितलेलं. जुन्या गाडीच्या मोटारी जळतातच, कोणी विचारलंही नसतं. बसमध्ये मी डायरी काढली आणि लिहिलं: कापड फेकणे. मग त्या ओळीकडे बल्लारपूर येईपर्यंत बघत राहिले. खूणही करता येईना आणि खोडताही येईना.

रविवारी सकाळी पुन्हा डॅशबोर्डखाली. जुन्या मोटारीचा पंखा काढून धुतला आणि नव्या मोटारीवर बसवला. प्लग जुळत नव्हता म्हणून दोन्ही वायरी कापून जोडल्या आणि टेप गुंडाळली. तिसरा पेच लावताना मी जे बोलले ते मुलांसमोर बोलत नाही. मग फ्यूज घातला.

"एक," मी सांगितलं. नवऱ्यानं बटण फिरवलं. पंखा फिरला. आवाज गोड होता. मी पाळ्यांचा कागद डॅशबोर्डवरून काढला आणि काचेजवळच्या हवेच्या फटीवर धरला. कागद जेमतेम हलला.

"चार." थोडा जास्त हलला. एवढ्या हवेनं सातजणींच्या श्वासाचं काहीच बिघडणार नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी दीर अंगणात आले. माझे पाय सीटवर, तोंड काळं. त्यांनी आत वाकून फटीवर हात ठेवला.

"एवढंच?" ते म्हणाले. "यापेक्षा जास्त तर मी तोंडानं फुंकतो. चल, चावी दे. गॅरेजला लावतो."

"दुपारी म्हणाला होतात. अजून अकरा वाजलेत."

"दुपारी काय वेगळं होणार आहे?"

"बसा. चहा तुमचे भाऊ करतील."

ते बसले नाहीत. दाराशी उभे राहिले. मी तिथेच, जमिनीवर बसून, एकेक गोष्ट ताडून पाहिली. वीज येते. मोटार फिरते. पंखा घट्ट आहे. वाट मोकळी आहे. तरी हवा नाही. राजुऱ्याला मी मोटार कुठल्या बाजूला फिरते ते बघितलं होतं आणि डायरीत बाणसुद्धा काढून आणला होता. पण तिथे ती ओट्यावर उताणी ठेवलेली होती आणि मी दुसऱ्या टोकाकडून बघितलं होतं. म्हणजे बाण उलटा. पंखा उलटा फिरत होता. असा पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा देतो, म्हणून फसायला होतं. वडिलांच्या दुकानात ही चूक मी केली असती तर त्यांनी मला संध्याकाळपर्यंत नुसतं उभं केलं असतं.

दोन वायरींची अदलाबदल करायला दहा मिनिटं लागली. दीर घड्याळ बघत होते. टेप गुंडाळली, कागद धरला.

"चार," मी म्हणाले.

कागद माझ्या हातातून सुटून मागच्या सीटवर जाऊन पडला. नवऱ्यानं दोन्ही हात पुढे केले, हवेत धरले आणि मोठ्यानं हसला. "अरे, ही तर नवी गाडी आली!" मी इंजिन चालू केलं. थोड्या वेळानं हवा गरम झाली आणि सगळ्या अंगणात धुळीचा, भाजल्यासारखा वास सुटला.

दीर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पुन्हा फटीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "जुनी मोटार, जळायचीच होती. तुझी काय चूक त्यात. चालव तू."

तिथे मी गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. चावी माझ्याकडे होती आणि त्यांच्या तोंडून माफीसारखं काहीतरी निघालं होतं. पण "तुझी काय चूक" हे मला खटकलं. याचा अर्थ असा होत होता की चूक नाही म्हणून चावी. उद्या चूक झाली की पुन्हा अंगणात ते, पुन्हा तो ड्रायव्हर.

मी पिशवी आणली आणि कापड बॉनेटवर पसरलं.

"मोटार यानं जळाली. हे मी लावलं होतं. पावसाआधी काढायचं होतं, काढलं नाही. परवा मी कचरा म्हणाले," हे नवऱ्याकडे बघून, "ते खोटं होतं. माझी ओढणी होती."

नवऱ्यानं कापड हातात घेऊन चाचपलं. शिवणीवर त्याची बोटं थांबली.

दीर बोलले. "बघ! म्हणूनच म्हणतो. बाईच्या हातात गाडी दिली की हेच."

"तुमच्या भावानं पाच वर्षांपूर्वी तेलाशिवाय इंजिन चालवलं. ते पूर्ण उघडावं लागलं. तुम्ही वळवताना नाल्यात घातली ती कोणाची स्कूटर होती? तेव्हा चावी कोणी मागितली? चूक माझी झाली, भाईजान. शोधली मीच, काढली मीच, दुरुस्त मीच केली. पुढेही होईल एखादी. चावी माझ्याकडेच राहील."

आमच्या घरात त्यांच्याशी इतकं लांबलचक कोणी बोललेलं नव्हतं. त्यांनी भावाकडे पाहिलं. नवरा कापडाची घडी घालत होता.

"भाईजान," तो म्हणाला, "सीट तिच्या मापाची केली आहे तिनं. आता दुसऱ्याला नाही जमायची." आणि मला म्हणाला, "पण मला कचरा म्हणायचं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले. आणि डायरीतली 'कापड फेकणे' ही ओळ खोडली.

तरीही खरी परीक्षा सोमवारची होती. दीर तक्रार घेऊन आले होते, तक्रार करणारी दुसरीच होती. साडेसहाला निघाले. चंद्रपुरात मोठ्या बाई कोपऱ्यावर उभ्या होत्या, मफलर कानावर, हातात रुमाल. ऊर्जानगरच्या दोघी उतरून त्यांच्याजवळ गेल्या. बाकीच्याही आलेल्या होत्या, पण कोणी दार उघडेना. सगळ्या बाईंकडे बघत होत्या.

मी खाली उतरले आणि काय झालं होतं ते सांगितलं. कापड, मोटार, सगळं. त्यांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांना ते कळायला हवं होतं.

"म्हणजे हे तूच केलं व्हतं?" बाई म्हणाल्या.

"हो."

"अन्‌ तूच नीट केलं?"

"हो."

"काऊन सांगून राह्यली मंग? आमाले कोन सांगनार व्हतं?"

"पुन्हा कधी काच पांढरी झाली तर तुम्ही मला विचाराल. आणि मी सांगेन ते तुम्हाला खरं वाटायला पाहिजे. म्हणून."

बाईंनी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "पुलापर्यंत पाहू," त्या म्हणाल्या आणि पुढे बसल्या. रुमाल त्यांनी हातातच ठेवला. मागच्या चौघींनीही ठेवला. डॅशबोर्डवर पाळ्यांचा कागद नव्हता, त्याच्या चिकटपट्टीचे चार डाग होते.

मूलच्या जंगलात काच पांढरी व्हायला लागली. मी खटका बाहेरच्या हवेवर टाकला आणि बटण तीनवर नेलं. काच खालून दोन ठिकाणी साफ होऊ लागली, डाव्या आणि उजव्या बाजूला अर्धगोल, मग ते दोन्ही वाढत वाढत मध्ये मिळाले. नर्सताई म्हणाल्या, "माय, पाय भाजून राह्यले." मी बटण दोनवर आणलं. मूल गेलं, मग सावली गाव गेलं. पुलाच्या आधीच्या वळणावर धुकं होतं, गुरुवारपेक्षाही दाट. ते बाहेर होतं. रस्त्याचा पांढरा पट्टा मला माझ्या जागेवरून, पाठ टेकून, दिसत होता. समोर एक ट्रॉली होती, हीसुद्धा बिनदिव्याची. ती मला एवढ्या लांबून दिसली की मी वेग कमी केल्याचं कोणाला कळलंही नाही. बाईंना कळलं. त्यांनी ट्रॉली मागे पडेपर्यंत मान वळवून पाहिली.

पूल ओलांडला. बाईंनी रुमाल मांडीवर पसरला, पर्समधून बोरांची पुडी काढली आणि त्यावर ओतली.

"घे वं ड्रायव्हरीन," त्या म्हणाल्या. "बिया खिडकीतून फेकजो. तुया त्या जाळीत नोको टाकू."